गावाने वेस हलवली

बॅनरवरचा यान पाइंग पाहून मला आधी हसू आलं, मग संताप. चेहरा आमच्या पोराचाच होता. शाळेच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून करून नाक पार पसरवलेला. पण मानेखालचा माणूस भलताच होता. रुंद छाती, दंडावर गोंदण, हातात ही एवढी बंदूक. यान पाइंगचे दंड माझ्या पळीच्या दांड्याएवढे होते, आणि गोंदणाऱ्याची सुई बघूनच तो एकदा जत्रेतून घरी पळून आला होता.

"छान आलाय ना, न्युनताई?" हान टुनने विचारलं. पोरं बॅनर बांधत होती आणि तो खाली शिडीला नुसता हात लावून उभा होता.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमचा यान पाइंग!"

"मुंडकं आमचं आहे. धड कुठून आणलंस?"

शिडीवरची पोरं फिसकन हसली. हान टुन नाही हसला. "मोबाईलवरून घेतलं, ताई. जोडून मिळतं. जरा वीरासारखं दिसायला नको का? कमांडरसाहेब येणार आहेत."

गाव त्याला ऊ हान टुन म्हणतं. मी नुसतं हान टुन म्हणते. तो आदराचा 'ऊ' माझ्या तोंडून बाहेर पडत नाही, त्याला मी तरी काय करू! त्याची तेलाची गिरणी आहे, भुईमुगाची शेतं आहेत, आणि गावात सरकार कोणाचंही असो, कमिटीवर खुर्ची त्याचीच असते. मी रोज सकाळी मठाच्या वाटेवर माशाच्या रश्शातल्या शेवया विकते. सगळं गाव माझ्याकडे नाश्त्याला येतं, त्यामुळे कोणाच्या पोटात काय आहे ते मला दोन्ही अर्थांनी कळतं.

यान पाइंग माझ्या धाकट्या बहिणीचा, थ्वेचा मुलगा. एकुलता एक. नवरा लवकर गेला, मग ताडावर चढायचं काम पोराने उचललं. एकदा वरून घसरला आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. तेव्हापासून हसताना ओठ मिटून हसायचा. अठराव्या वर्षी एका पहाटे तो मित्रांबरोबर वेशीतून बाहेर पडला आणि लष्कराविरुद्ध लढणाऱ्या पोरांना जाऊन मिळाला. सुरुवातीला त्याच्याकडे बंदूकसुद्धा नव्हती, गलोल होती. आईला सांगून गेला होता, "भात झाकून ठेव, येतोच." अशी बेअक्कल पोरं.

तो आला तो पावसाळ्याआधी, भर दुपारी. नदीच्या उतारावर त्यांच्यात तोफगोळा पडला होता. दोन मित्रांनी बैलगाडीत पेंढ्यावर घालून आणला, अंगावर त्याचीच लुंगी पांघरली होती. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. छातीकडे बघवत नव्हतं.

गाडी वेशीपाशी आली आणि हान टुन आडवा झाला. "बाहेर मेलेला आत येत नाही."

आता हा नियम आहे, मी नाही म्हणत नाही. आमच्याकडे कोणी परगावी मेलं, दवाखान्यात मेलं, तर मढं वेशीच्या आत आणत नाहीत. गावावर अरिष्ट येतं म्हणतात. लहानपणापासून ऐकत आले. पण हान टुनचा बाप शहरातल्या दवाखान्यात मेला तेव्हा काय झालं, तेही मला माहीत आहे. म्हाताऱ्याच्या नाकाला नळी लावली, शेजारी सलाईनची बाटली धरून एक माणूस बसवला आणि "अजून धुगधुगी आहे, अजून धुगधुगी आहे" असं ओरडत गाडी थेट अंगणात नेली. म्हातारा तर दवाखान्यातच गार पडला होता. सगळं गाव रस्त्यात हात जोडून उभं होतं आणि "लवकर बरे होवोत" म्हणत होतं.

थ्वे त्या दिवशी हान टुनच्या पाया पडली. माझ्या डोळ्यांसमोर. "दादा, याच वेशीतून पोरगा माझा चालत गेला. याच वेशीतून आत येऊ दे. अंगणात घटकाभर ठेवते, अंघोळ घालते आणि लगेच नेते. घरी यायचं कबूल करून गेलाय तो."

"तुझ्यासाठी नियम मोडला आणि उद्या गुरं मरायला लागली, तर जबाबदार कोण?"

गुरांचं नाव पुढे होतं. खरी भीती छावणीची होती. तेव्हा रस्त्यापलीकडे लष्कराची छावणी होती आणि तिथला स्वयंपाक हान टुनच्या गिरणीच्या तेलात व्हायचा. बंडखोर पोराचं मढं गावाने आत घेतलं असं तिथे कळलं असतं तर तेल बंद झालं असतं, कदाचित गावही जाळलं असतं. भीती वाटली म्हणून मी कोणाला शिव्या देत नाही. मलाही वाटत होती. भीतीला धर्माचं नाव दिलं, त्याची मला शिसारी आहे.

शेवटी वेशीबाहेरच्या कडुनिंबाखाली आम्ही दोघी बहिणींनी त्याला अंघोळ घातली. मी घरून घागरी आणत होते. प्रत्येक खेपेला वेशीत उभे असलेले लोक मला वाट द्यायचे, पण एकानेही घागरीला हात लावला नाही. कुंपणाच्या आतून बघत होते. एक बाई कलिंगडाच्या बिया खात होती आणि साली इकडे, आमच्या बाजूला थुंकत होती. माझ्या हातून तिच्या नवऱ्याने बारा वर्षं शेवया खाल्ल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही आला, आणि मी वाढल्या. पोट सगळ्यांनाच आहे.

तिथेच त्याला पुरलं. थ्वे पुन्हा आत आली नाही. मी हात धरून ओढलं, भांडले, रडले. ती म्हणाली, "ताई, ज्या दिवशी तो या वेशीतून घरी जाईल, त्या दिवशी मी जाईन." ताडाच्या झावळ्यांची खोपटी बांधली आणि थडग्याशेजारी राहिली. रस्त्याच्या कडेला मांडणी करून पाण्याचे माठ ठेवले. शेतातून परतणारं गाव त्या माठांतलं पाणी प्यायचं. पोरगा बाटला होता, पाणी चालत होतं.

तीन पावसाळे गेले. मग एके दिवशी छावणी रिकामी दिसली. लष्कर शहराकडे पळालं होतं आणि आमच्या भागात आपल्या पोरांचं राज्य आलं. हान टुनने आठवड्यात कात टाकली. छावणीच्या साहेबाबरोबरचा फोटो भिंतीवरून उतरला आणि त्याच खिळ्यावर नव्या झेंड्याचं कॅलेंडर आलं. भाषणं सुरू झाली. "आपल्या गावाने क्रांतीला एक पुत्र दिला!" दिला म्हणे. जसा काही भोपळा दिला.

यातही पोटातली गोष्ट वेगळीच. त्या पोरांचे कमांडर लिन गावोगाव फिरून हुतात्म्यांची स्मारकं बघत होते आणि ज्या गावाचा हुतात्मा, त्या गावात आधी वीज, असं बोललं जात होतं. वीज आली की गिरणीला डिझेल नको. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणजे काय, ते मी या वयात डोळ्यांनी बघितलं.

घोटाळा झाला तो थडग्याचा. कमांडरचा माणूस पाहणीला आला आणि त्याने सरळ विचारलं, "थडगं कुठे आहे?"

"वेशीबाहेर," कोणीतरी बोलून गेलं.

"बाहेर? तुमचा हुतात्मा बाहेर का?"

गावाची अब्रू वेशीला टांगली गेली, आणि तीही खरीखुरी त्याच वेशीला. मग मठात बैठक बसली. सकाळची वेळ होती आणि भंतेजींसाठी शेवया घेऊन मी तिथेच होते, म्हणून सगळं ऐकलं.

एकाने सुचवलं, अस्थी उकरून आत आणू, मठाशेजारी ठेवू. त्याबरोबर बायाबाप्ये उसळले. "बाहेर मेलेला आत? आमची पोरंबाळं आहेत घरात!" कलिंगडवाली सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती.

तेव्हा हान टुन उठला. दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चेहरा असा की जणू लग्नाची बोलणी जमवून आलाय. "मढं वेशीतून आत येऊ नये, एवढाच नियम आहे ना? मग मढ्याला हलवायचंच कशाला? आपण वेसच हलवू! थडग्याच्या पलीकडे नवी बांधू. पक्की, सिमेंटची, कमान असलेली. तो न हलता आत येईल, नियमही मोडणार नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाशपथ सांगते, टाळ्या वाजवल्या. दोन वेशींच्या मधली सगळी जमीन हान टुनच्या भुईमुगाची आहे आणि ती आता गावठाणात येणार, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी बोललं नाही.

"भंतेजी, आपलं काय म्हणणं?" हान टुनने नम्रपणे विचारलं.

भंतेजी म्हणाले, "बुद्धांनी वेशीबद्दल काहीच सांगितलेलं नाही." आणि त्यांनी चहाचा पेला उचलला. हे वाक्य तीन वर्षांपूर्वी, कडक उन्हात, बैलगाडीपाशी किती उपयोगी पडलं असतं! पण भंतेजींना कोणी असं विचारत नाही. मी भांडी उचलली आणि सरळ थ्वेच्या खोपटीवर गेले.

ती माठ भरत होती. मी सगळं सांगितलं. रागाने मला धाप लागली होती.

"म्हणजे मी इथे बसल्या बसल्या आत जाणार?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तो?"

"तोही. पडल्या पडल्या."

तिने माठावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "ताई, त्याला गावात यायचं नव्हतं गं. त्याला घरी यायचं होतं. हे गाव इथपर्यंत पसरलं म्हणून घर थोडंच इथे येतं?" आणि मग अगदी साध्या आवाजात, बाजारचा वार विचारावा तसं विचारलं, "जुनी वेस कधी पाडणार आहेत?"

"समारंभाच्या दिवशीच. आधी नवीची फीत कापणार, मग जुनी पाडणार."

"मग वेळ आहे," ती म्हणाली.

समारंभाच्या आदल्या दिवशी सगळं गाव नव्या कमानीला गुलाबी रंग फासत होतं. खोपटीच्या मागे आम्ही चटया उभ्या केल्या. कोणी विचारलं तर सांगायचं, आई थडगं साफ करते आहे. कोणी विचारलं नाही. थ्वेनेच कुदळ चालवली, मला हात लावू दिला नाही. माती भुसभुशीत होती, कडुनिंबाची मुळं आत उतरली होती. ती मुळं तिने तोडली नाहीत, एकेक करून बाजूला केली. लुंगीचे धागे निघाले. मग तो निघाला. तिने त्याचा तो कोपरा उडालेला दात अंगठ्याने पुसला आणि म्हणाली, "आता हस मोकळेपणाने, आता कोण बघतंय." मी हाताने तोंड दाबून रडले. ती नाही रडली. तो लहानपणी गालांना थनखाच्या खोडाचा थंड लेप लावून घ्यायला कंटाळायचा. तेच थनखाचं खोड तिने सहाणेवर उगाळलं, ते पाणी घेऊन हाडन्‌हाड धुतलं, उन्हात सुकवलं आणि नव्या कोऱ्या माठात ठेवलं. तोंडाला पांढरं फडकं बांधलं. खड्डा बुजवून वर तशीच माती सारखी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमांडर लिन आले. तिशीचा असेल, डोळे जागरणाने लाल. नाव विसरू नये म्हणून त्याने तळहातावर लिहून आणलं होतं, ते मी बघितलं. त्याला मी नावं ठेवत नाही. असे किती यान पाइंग त्याला पाठ करायचे असतील. शाळेची पोरं झेंडे घेऊन उन्हात उभी होती. फीत कापली. मग सगळं गाव रांगेने थडग्याला फुलं वाहायला आलं. कलिंगडवाली ओक्साबोक्शी रडत होती आणि तिची सून मोबाईलवर तिचं रडणं टिपत होती. एकदा नीट आलं नाही म्हणून पुन्हा रडली.

हान टुनने माईक घेतला. रुमालाने डोळे टिपले. "आज, बंधुभगिनींनो, आज आपला यान पाइंग घरी आला!"

टाळ्या. मी कमानीला टेकले. रंग ओला होता, तो पाठीला लागला.

एवढ्यात थ्वे खोपटीतून निघाली. डोक्यावर माठ. लोकांनी आदराने वाट करून दिली. कोणी म्हणालं, वीरमाता. कोणी तिच्या पायाला हात लावला. हान टुनला तर आयतंच सापडलं. तो मंचावरून उतरून पुढे धावला, एका हातात माईक तसाच, दुसऱ्यात पेला. "बघा साहेब, वीरमाता स्वतः पाणी घेऊन आल्या! तीन वर्षं या माउलीने वाटसरूंना पाणी पाजलं. आज पहिला पेला आपला!" तो आडवा आला म्हणून तिने माठ कमरेवर घेतला, तोच त्याने फडकं बाजूला ओढून पेल्यासकट हात माठात घातला.

"दादा, त्यात पाणी नाही," थ्वे म्हणाली. माईक तिच्या तोंडाजवळच होता, शब्द पार मागच्या रांगेपर्यंत गेले. "त्यात यान पाइंग आहे. थडगं रिकामं आहे."

हान टुनने हात असा ओढला की पेला आतच राहिला. मग त्याने तो हात पुसला. आधी विजारीला, मग मंचाच्या सफेद कापडाला, मग पुन्हा विजारीला. समोरची रांग मागे सरली, मागची तिच्यावर कोसळली. आयांनी पोरं ओढली. झेंडे खाली पडले. मघाशी जिने थ्वेच्या पायाला हात लावला होता, ती तो हात अंगापासून लांब धरून पाण्याची बादली शोधत होती. कलिंगडवाली किंचाळली, "बाहेर ने ते! वेशीबाहेर ने!"

"कुठल्या वेशीबाहेर गं?" मी ओरडले. "या की त्या? ठरवा एकदाचं!"

"थ्वे, खाली ठेव," हान टुन म्हणाला. आता त्याच्या आवाजात रुमाल नव्हता. "थडग्यात होता तो ठीक होता. वेस हलवली ना तुझ्यासाठी? आता याहून आत नाही. जुनी वेस अजून उभी आहे. ती ओलांडलीस तर गाव तुला माफ करणार नाही."

कमांडर मंचावरून खाली आला होता. "हा आत का येऊ शकत नाही?" त्याने विचारलं. हान टुनकडे बघितलं, भंतेजींकडे बघितलं. भंतेजी माळ ओढत होते. तेव्हा मीच म्हटलं, "साहेब, तो वर टांगलाय ना, त्याला चालतं. हा खरा आहे."

कमांडरने बॅनरकडे वर पाहिलं, मग माठाकडे. टोपी काढली आणि बाजूला उभा राहिला. तेवढं तरी त्याने केलं.

थ्वेने माठात हात घालून पेला काढला, हान टुनच्या पायाशी ठेवला. फडकं नीट बांधलं. माठ पुन्हा डोक्यावर घेतला आणि भुईमुगाच्या शेतामधल्या वाटेने चालायला लागली. मी तिच्या मागे. जुन्या वेशीत पहारी घेतलेली चार पोरं पाडायला तयार उभी होती. ती कुंपणाला चिकटली. थ्वे वेशीत क्षणभर थांबली, एका हाताने लाकडी खांबाला स्पर्श केला आणि आत गेली. कोणी अडवलं नाही. अडवायचं तर जवळ यावं लागलं असतं.

घराचं छप्पर एका बाजूने बसलं होतं, अंगणात गवत माजलं होतं. तिने माठ चिंचेखाली, सावलीत ठेवला आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा स्वतःच्या उंबऱ्यावर बसली. मी चूल पेटवली. भात शिजला तेव्हा तिने एक वाटी काढून त्याच्यापुढे ठेवली, झाकून. मग ती रडली.

पुढे गुरं मेली नाहीत. कोणाचं पोर आजारी पडलं नाही. हे मी गावाला रोज सकाळी शेवया वाढताना ऐकवते, आणि ते मान खाली घालून खातात.

त्या दिवशी संध्याकाळी मात्र आमच्या दारी एकच माणूस आला. आला म्हणजे, कुंपणापलीकडे लांब उभा राहून ओरडला. हान टुनचा माणूस. "न्युनताई! मालक विचारतायत, त्या बॅनरचं काय करायचं? काढायचा का ठेवायचा?"

थ्वेने माझ्याकडे पाहिलं. मी उठून अंगणाच्या कडेपर्यंत गेले.

"मुंडकं तेवढं कापून आण," मी म्हटलं. "आणि ते धड कोणाचं आहे ते शोधा आधी. त्याचीही आई असेल कुठेतरी भात झाकून बसलेली."